एक मशीन, दोन तक्ते

कोर्टाच्या आवारात लिंबाच्या सावलीत टायपिंगवाल्यांची टेबलं ओळीने लागायची. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, आणि माझी पहिली चूक ती वेळच होती. पहिल्या टेबलावरचा माणूस फडक्याने मशीन पुसत होता. मी त्याला नमस्कार केला, हातातला तक्ता उघडला आणि त्यावरचा पहिला प्रश्न जसाच्या तसा वाचला. गेल्या महिन्यातील एकूण प्राप्ती किती?

त्याने फडकं खाली ठेवलं.

"बाई, अजून भवानी झाली नाही. दिवसाचा पहिला रुपया हातात पडायचाय, आणि तुम्ही महिन्याची कमाई विचारता?"

"इन्कम टॅक्सच्या आहेत काय?" शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं.

"इन्कम टॅक्सवाले एवढे लाजत नाहीत," तिसऱ्या टेबलावरचा पांढऱ्या दाढीचा म्हातारा म्हणाला, आणि सगळी ओळ हसली.

मी तक्ता मिटला. कोर्टाच्या भिंतीपाशी लावलेली सायकल काढली आणि काहीच न लिहिता कचेरीत परत गेले.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. मी नगरच्या कॉलेजातून अर्थशास्त्र घेऊन नुकतीच बी. ए. झाले होते. राज्याच्या उत्पन्नाचा अंदाज बांधण्यासाठी एक पाहणी निघाली होती, आणि तिच्यासाठी जिल्ह्यात आम्हा चौघांना तीन महिन्यांकरिता तात्पुरतं घेतलं होतं. बाकीचे तिघे मुलगे होते. तीन महिन्यांनी आमच्यातल्या दोघांना पुढच्या फेरीसाठी ठेवणार, हे साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

आमच्या वाट्याला आलेल्या गटाचं नाव होतं व्यवसायांना पूरक सेवा. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं. तक्त्यावरचं मराठी मी आधी मनात इंग्रजीत नेत असे आणि मग समजून घेत असे. हे नाव तर तिकडे नेऊनही समजेना. साहेबांनी ते समजावलं. ते पन्नाशीचे, किडकिडीत, सतत पेन्सिलीचं टोक तासत बसणारे गृहस्थ होते.

"साखर कारखान्यातून पोतं बाहेर पडतं, ते दिसतं," ते म्हणाले. "ते मोजता येतं. पण त्या पोत्याचं बिल कुणी टाईप केलं, कारखान्याच्या नोटिशीच्या प्रती कुणी काढल्या, आडत्याच्या दुकानाची पाटी कुणी रंगवली, गोदामावर रात्री कोण बसलं, हे कोण मोजतं? यांच्यावाचून धंद्याचं पान हलत नाही, आणि राज्याच्या उत्पन्नात मात्र यांच्यापुढे शून्य. आपल्याला ते शून्य खोडायचंय."

हिशेबाची रीत सोपी होती. कामाचे जेवढे पैसे मिळाले त्यातून कागद, शाई, दुरुस्ती असा खर्च वजा करायचा. उरतं ती त्या माणसाने राज्याच्या उत्पन्नात घातलेली भर. अडचण एवढीच की मिळालं किती, ते कुणी सांगत नव्हतं.

मला ही नोकरी हवी होती. आमचं घर सावेडीला होतं. तेव्हा तिथे चार बंगले आणि बाकी ज्वारीची रानं होती. माझ्या जुन्या शाळेने खालच्या वर्गावर शिकवायला बोलावलं होतं, आणि आईच्या मते मुलीच्या जातीला याहून चांगलं काम नव्हतं. चाळीस मुलांसमोर उभं राहायचं, या विचारानेच माझ्या तळव्यांना घाम यायचा. शाळेत मी सगळी वर्षं शेवटून दुसऱ्या बाकावर काढली होती. उत्तर येत असलं तरी हात वर करत नसे. इथे मला कुणासमोर उभं राहायचं नव्हतं. बसायचं, बघायचं, ऐकायचं आणि लिहून घ्यायचं. हे मला जमेल असं वाटत होतं, आणि पहिल्या आठवड्यात तेच जमत नव्हतं. बाकीच्या तिघांचे तक्ते भरत चालले होते. माझे कोरे होते.

मी वेळ बदलली. भवानी झाल्यावर, साडेअकराच्या सुमाराला जायला लागले. कमाईचा आकडा तरीही कुणी देईना. "चाललंय पोटापुरतं," एवढंच सगळीकडे. एक दिवस मी तिसऱ्या टेबलाच्या कडेला नुसतीच बसून राहिले. त्या म्हाताऱ्याला सगळे चाचा म्हणायचे. ते मशीनमधून जुनी रिबिन काढत होते. बोटं निळी झाली होती.

"बघ," ते मला म्हणाले, जणू मी विचारलंच होतं. "ही रिबिन. पूर्वी महिनाभर चालायची. आता कंपनीवाले शाई लावतात का पाणी, खुदा जाणे. पंधरा दिवसांत अक्षर फिकं. वकीलसाहेब म्हणतात, चाचा, अर्ज वाचता येईना. मी म्हणतो, साहेब, जज्जसाहेबांना चष्मा द्या."

मग कार्बन कागदाची किंमत निघाली. मग दुरुस्तीवाल्याने गेल्या दिवाळीला लावलेला चुना निघाला. शेजारच्या दोघांनी मान वळवली आणि आपापलं गाऱ्हाणं त्यात घातलं. अर्ध्या तासात मला त्या ओळीतल्या प्रत्येकाचा महिन्याचा खर्च कळला, आणि मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

"खर्च विचारत जा, बेटी," चाचा नवी रिबिन बसवत म्हणाले. "कमाई माणूस बायकोला सांगत नाही, तुला काय सांगणार? खर्चाचं रडगाणं मात्र रस्त्यावरच्या माणसाला बसवून सांगतो."

त्या दिवसापासून मी तक्ता उलटा भरायला लागले. शेवटचं पान आधी. रिबिनी किती लागतात, कार्बन किती, कागद किती. एका रिबिनीवर किती पानं निघतात ते कुठलाही टायपिस्ट झोपेतून उठवलं तरी सांगेल, आणि एका पानाचा दर तर प्रत्येकाच्या टेबलाला पाटी लावून लिहिलेला होता. गुणाकार मला करता येत होता. आलेला आकडा मी त्यांच्यासमोर हळूच ठेवायची. "एवढे होत असतील ना?" मग बहुतेक जण म्हणायचे, "तेवढेही नाही, थोडे कमी," आणि मी ते थोडे कमी करून लिहायची. लोकांना स्वतःहून सांगण्यापेक्षा दुसऱ्याचा आकडा दुरुस्त करणं सोपं जातं, हे मला तिथे कळलं.

प्रत्येकाकडून मी एक वाया गेलेलं पानही मागून घ्यायची. पानावर ओळी किती बसतात ते तपासायला हवं, असं मी सांगायची. खरं म्हणजे मला ती पानं आवडायची. त्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता, आणि आवारात अर्ज लिहून घेणाऱ्यांची गर्दी रोज वाढत होती. बाजारपेठ थंड होती आणि ही एक ओळ खडखडत होती. कुणी कशासाठी अर्ज करतं, ते त्या खोडलेल्या पानांवर दिसायचं.

माझे तक्ते भरले. साहेबांनी ते चाळले, पेन्सिल खाली ठेवली आणि बाकीच्या तिघांना बोलावून माझी रीत सांगितली. मी जमिनीकडे बघत उभी होते. बाहेर आल्यावर त्यांतला एक म्हणाला, "रिबिनवाल्या बाई, आमच्या पाटी रंगवणाऱ्यांना काय विचारू? रंगाचे डबे?"

"हो," मी म्हणाले. "आणि ब्रश."

त्याने थट्टा केली होती, पण दुसऱ्या दिवशी तो खरंच डबे मोजून आला.

नंतर मला राहुरी आणि श्रीरामपूरकडची गावं दिली. एस.टी.ने देवळाली प्रवरा केलं, मग बेलापूर. बेलापूरला आडत्यांच्या पेठेमागे एक बाई टायपिंग करते असं दुकानदारांनी सांगितलं. ती पस्तिशीची असेल. नवरा हंगामात साखर कारखान्यावर कामाला. दोन खोल्यांचं घर होतं, आणि खिडकीशी क्रोशाचं कापड घातलेलं टेबल होतं. तिने चहा केला. मी माझी रीत वापरली आणि ती भराभर बोलली. महिन्याला एक रिबिन, एवढे कार्बन, आडत्यांची पत्रं, सोसायटीच्या नोटिशी. मी मान खाली घालून लिहून घेतलं. परक्याच्या घरात इकडेतिकडे बघू नये, असं आईने लहानपणापासून सांगितलेलं होतं, आणि रस्त्यावर माझ्या नजरेतून काही सुटत नसलं तरी कुणाच्या उंबऱ्याच्या आत मी पायांच्या बोटांपलीकडे पाहत नसे. निघताना तिच्याकडूनही एक पान घेतलं.

सगळ्या तक्त्यांचा गोषवारा साहेबांनी एका शनिवारी मुंबईला पाठवला. सोबत स्वतःच्या सहीचं टिपण जोडलं. रिबिनीवरून काम मोजायची ही रीत इतर जिल्ह्यांनीही वापरून पाहावी, असं त्यात लिहिलं होतं. टिपण पाकिटात घालताना ते मला म्हणाले, "पुढच्या फेरीची काळजी करू नका." एवढंच. सायकलवरून घरी जाताना मी दोनदा उगाचच घंटी वाजवली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी ती पानं घेऊन व्हरांड्यात बसले. एका वहीत क्रमाने चिकटवायची होती. चाचांचं पान हातात घेतलं तेव्हा त्यातला म दिसला. तो नेहमीच ओळीच्या किंचित खाली उतरायचा, आणि त्याच्या डोक्यावरची रेघ उजवीकडे तुटलेली होती. त्यांच्या टेबलापाशी बसून मला त्याची सवय झाली होती. चार पानं पुढे गेले आणि पुन्हा तोच म भेटला. ओळीच्या खाली, उजवीकडे रेघ तुटलेला. ते पान बेलापूरच्या बाईचं होतं.

आधी वाटलं, एकाच कंपनीची मशीनं असतील. मग दोन्ही पानं एकावर एक धरून उजेडाकडे केली. कंपनी एक असली तरी दोन मशीनं एकाच जागी एवढी सारखी मोडत नाहीत.

सोमवारी मी आवारात गेले तेव्हा चाचांचं टेबल रिकामं होतं. दर सोमवारी ते उशिरा यायचे, हे मी कितीदा पाहिलं होतं. बाराच्या सुमाराला ते आले. खांद्यावर गोधडीत बांधलेलं ओझं होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं, गाठ सोडली, आणि आतून मशीन निघालं.

"चाचा, हे शनिवारी कुठे जातं?"

"कुठे म्हणजे? माझ्याबरोबर. बेलापूरला. आठवडाभर मी इथे भाचीकडे राहतो. शनिवारी आम्ही दोघं घरी जातो, मी आणि हे. ड्रायव्हरशेजारची जागा याची. तिकीट मात्र मी काढतो."

"तिथे कुणी वापरतं?"

"शेजारीण. मीच शिकवलंय तिला. रविवारभर आडत्यांची पत्रं बडवते." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "का? मना आहे का?"

"मना नाही. पण मी हे मशीन दोनदा मोजलंय."

पहिल्या टेबलावरचा माणूस जोरात हसला. "चाचा, एका मशीनची दोन झाली. आता एक विका."

"सरकारने दिलंय तर घेतो की," चाचा म्हणाले.

मला हसू येत नव्हतं. "चाचा, तुम्ही सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का? तू विचारलंस, रिबिनी किती. दोन लागतात, दोन सांगितल्या. त्यांतली एक तिची. तिला विचारलंस, तिने एक सांगितली. खोटं कोण बोललं?"

कुणीच नाही. दोन रिबिनी होत्या आणि माझ्या तक्त्यांत त्यांच्या तीन झाल्या होत्या. त्या तीनवर मी गुणाकार केला होता.

तेवढ्यात पहिल्या टेबलावरचाच माणूस हसायचा थांबून म्हणाला, "मग माझंही लिहून घ्या. संध्याकाळी माझं मशीन मेहुणी चालवते. एका डॉक्टरची बिलं करते." दुसऱ्याने सांगितलं की त्याचं मशीन तीन दिवस टायपिंग क्लासवर जातं. मी तिथेच बसून ओळीतल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. तुम्ही इथे नसता तेव्हा मशीन कुठे असतं? हा प्रश्न माझ्या तक्त्यात कुठेच नव्हता. अकरांपैकी चार मशीनं अशी फिरती निघाली. कुठे मी जास्त लिहिलं होतं, आणि कुठे काम करणारं एक अख्खं माणूस यादीतून गळलं होतं. त्यांतली बहुतेक घरात काम करणारी होती, आणि चौघांतल्या तिघी बायका होत्या.

त्या संध्याकाळी मी गप्प होते. मी नेहमीच गप्प असायची, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही. गप्प राहणं मला जगातलं सगळ्यात सोपं काम होतं, आणि या वेळी त्याचा फायदाही होता. पाकीट गेलं होतं. दोन पानं उजेडाकडे धरून मुंबईत कुणी पाहणार नव्हतं. पुढच्या फेरीची काळजी करू नका, असं साहेब म्हणाले होते.

जेवणानंतर मी बाबांना विचारलं. ते छावणीतल्या एका कचेरीत कामाला होते आणि कामाबद्दल घरी कधी बोलत नसत. मी सगळं सांगितलं, दोन रिबिनींपासून.

"त्या तक्त्यावर सही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी."

त्यांनी मान हलवली आणि वर्तमानपत्र उघडलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. इंग्रजीत चार वाक्यं ठरवून आले होते. तोंडातून एकच आलं, आणि तेही मराठीत. "साहेब, मी एक मशीन दोनदा मोजलंय."

"एक मशीन?" ते पेन्सिल तासत होते. "बाई, राज्यात एका मशीनने काय होतंय?"

"एक नाही. ओळीतल्या अकरांपैकी चार फिरती आहेत. बाहेरगावी किती असतील, मला माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं. आणि हीच रीत इतर जिल्ह्यांनी वापरावी, असं आपण लिहिलंय."

शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर ते किती मोठं होतं ते माझ्या लक्षात आलं. साहेबांचा हात थांबला.

"बसा."

"नको, मी..."

"बसा म्हणतो ना."

मी बसले. दोन्ही पानं त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उचलून खिडकीकडे धरली, अगदी मी धरली होती तशी, आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे कळलं नसतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. मग पानं खाली ठेवली. "आकडा वर जातो की खाली?"

"रिबिनींचा खाली येतो. माणसांचा वर जातो."

"म्हणजे?"

"मशीनं आपण समजलो त्यापेक्षा कमी आहेत. पण एकेका मशीनवर दोन-दोन माणसं काम करतात. आपण मशीनमागे एक माणूस धरला. घरात काम करणाऱ्या बायका त्यामुळे आपल्या यादीत आल्याच नाहीत. बेलापूरची आली, ती मी चुकून तिच्या घरी गेले म्हणून."

त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं. लिहिता लिहिता म्हणाले, "रीत मी पुढे पाठवली, तेव्हा वरिष्ठांचा बोल माझ्या नावावर येईल. पण तुमच्या फाइलीतही नोंद करावी लागेल. काम पुन्हा करावं लागलं, अशी. ती मला टाळता येणार नाही."

"नको टाळू," मी म्हणाले, आणि लगेच दुरुस्त केलं, "टाळू नये, साहेब."

उरलेल्या दिवसांत बाकीच्यांनी नवी गावं केली. मी माझी जुनीच पुन्हा केली. बेलापूरला या वेळी मुद्दाम रविवारी गेले. दार उघडंच होतं, आणि आतून खडखड ऐकू येत होती. क्रोशाचं कापड घडी करून खिडकीत ठेवलं होतं आणि टेबलावर चाचांचं मशीन होतं. ती बाई मशीनकडे बघत नव्हती. आडत्याच्या चिठ्ठीवर डोळे ठेवून दहाही बोटांनी टाईप करत होती. ओळ संपेपर्यंत तिने मला बोटाने थांबवून धरलं. चाचासुद्धा दोन बोटांनी टाईप करायचे.

"पुन्यांदा आला?" ती म्हणाली. "काय ऱ्हायलं?"

मी सांगितलं. मागच्या वेळी मला वाटलं, मशीन कापडाखाली आहे.

"कापडाखाली?" तिला हसू फुटलं. "मोकळं टेबल हुतं की वो बाई. तुमी मान खाली घालून बसला हुता. मला वाटलं, नगरच्या बाईला मशीनचं काय बी पडलं न्हाई. इचारलं आस्तं तर कापड उचलून दावलं आस्तं."

मी तक्ता काढला आणि यंत्रसामग्रीच्या रकान्यातली नोंद खोडली. ती उठून माझ्या शेजारी आली आणि त्या खोडलेल्या ओळीकडे बघत उभी राहिली. हसू गेलं होतं.

"सगळंच खोडणार काय?"

"नाही. फक्त मशीन. ते चाचांच्या तक्त्यात राहील."

"आन् माजं नाव?"

"ते राहणार."

"बगा हां. मशीन माजं न्हाई, पर काम माजं हाय. आडत्यांना इचारा. सासूबाई म्हंत्यात, रिकामा उद्योग. सरकारच्या कागदावर हाय म्हनून सांगितलं म्या त्यांना, तवापासून रविवारी भाकऱ्या त्या करत्यात."

मी तिला तो तक्ता वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. नाव, गाव, व्यवसाय, महिन्याच्या रिबिनी, पानं. व्यवसाय या शब्दापाशी तिने पुन्हा वाचायला लावलं. मी आवाज चढवून वाचला, आतल्या खोलीपर्यंत जाईल एवढा. मग यंत्रसामग्रीच्या रकान्यात काय लिहायचं ते आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. रविवारी शेजाऱ्याचं, असं लिहिलं. तक्त्याच्या भाषेत ते बसत नव्हतं. साहेबांनी नंतर त्यावर टीप लिहिली, पण खोडलं नाही.

माझे सगळे तक्ते दुरुस्त होईपर्यंत तीन महिने संपत आले. बाकीच्या तिघांचे तक्ते माझ्याहून बरेच जास्त झाले होते. भिंतीवर साहेबांनी कामाचा आलेख लावला होता. त्यात माझी रेघ वर जाऊन मग एका जागी आडवी पडली होती. आईने शाळेच्या बाईंना, मुलगी पुढच्या महिन्यात मोकळी होईल, असं कळवलंही होतं. मी तिला थांबवलं नाही. थांबवण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

शेवटच्या दिवशी साहेबांनी एकेकाला आत बोलावलं. ज्याने रंगाचे डबे मोजले होते, तो आधी गेला आणि हातात कागद घेऊन, कान लाल करून बाहेर आला. त्याची जागा झाली होती. दुसरा गेला आणि लगेच परत आला. तिसराही. मग माझं नाव आलं.

टेबलावर दोन कागद होते. पहिला त्यांनी माझ्याकडे सरकवला. ते मुंबईचं उत्तर होतं. भाषा कोरडी होती. दुरुस्ती स्वीकारली आहे; पुढील फेरीत प्रत्येक तक्त्यात, सदर यंत्र अन्य कोण, कोठे व केव्हा वापरते, हा प्रश्न घालावा. खाली, पहिल्या गोषवाऱ्याबद्दल खुलासा मागणारी आणखी एक ओळ होती, साहेबांच्या नावाने.

"खुलासा दिला मी," ते म्हणाले. "त्याचं तुम्ही मनावर घेऊ नका."

दुसरा कागद त्यांनी हाताखाली धरून ठेवला होता. "तुमच्या फाइलीत ती नोंद आहे. तक्तेही सगळ्यांत कमी आहेत. नियमाने पाहिलं तर तुमच्याहून वरचे दोघं आहेत."

मी मान हलवली. ते मला ठाऊक होतं.

"पण पूर्वेकडचे तालुके कुणी घ्यायला तयार नाही. पाथर्डी आणि त्याच्या लगतचे. गाड्या कमी, उन्हाचा त्रास, लोक बोलत नाहीत. बाकीच्यांना विचारलं मी. दोघंही म्हणाले, नगरचीच जागा असली तर सांगा." त्यांनी कागद पुढे केला. "सहा महिन्यांची ऑर्डर आहे. मुक्काम करावा लागेल. घरी विचारून उद्या सांगितलंत तरी चालेल."

मला माहीत होतं घरी काय होईल. आई म्हणेल, एकटी मुलगी, पाथर्डीला. बाबा वर्तमानपत्र खाली करतील आणि माझ्याकडे बघतील, कारण या वेळी बोलायचं मला असेल. मी आयुष्यात कुठल्याही प्रश्नाला घरी विचारल्याशिवाय उत्तर दिलं नव्हतं.

"जाते," मी म्हणाले.

"घरी..."

"घरी सांगते मी. विचारत नाही."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मग त्यांनी सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं, आणि मी सही केली. अक्षर थोडं वाकडं आलं.

"साहेब, पाथर्डीची पहिली गाडी किती वाजता असते?"

"ते मला काय विचारता," ते पुन्हा पेन्सिल तासायला लागले. "स्टँडवर विचारा."

सायकल कचेरीतच ठेवून मी चालत स्टँडवर गेले. चौकशीच्या खिडकीपाशी बरीच गर्दी होती, सगळे पुरुष, आणि रांग म्हणावी असं तिथे काही नव्हतं. एरवी मी कडेला उभी राहून पाटीवरच्या वेळा वाचत बसले असते. पाटीवरचे आकडे पुसट झाले होते. मी एका पागोटेवाल्या आजोबांना, जरा सरकता का, असं म्हटलं. ते सरकले, आणि मी खिडकीत तोंड घालून माझी गाडी विचारली.